डक्टमधली सुई



मी बीई कॉम्प्युटर, नोकरी सॉफ्टवेअरची. सिमेंट, सळई आणि रक्त या तिन्हींशी माझा धंद्याने काही संबंध नाही. तरी या अंकात मी बांधकाम कामगार आणि रक्तातून पसरणारे आजार यावर लिहितोय. म्हटलं तर हा विषय डॉक्टरांचा, म्हटलं तर लेबर ऑफिसचा. पण लेख वाचून झाल्यावर तुम्हाला पटेल की तो तुमच्या-माझ्या घराचाही आहे.

सुरतेत सध्या दर दुसऱ्या रस्त्यावर काहीतरी खोदलं, पाडलं किंवा बांधलं जातंय. १८ जानेवारी २०२१ ला मेट्रोचं भूमिपूजन झालं. दोन मार्ग मिळून ४०.३५ किलोमीटर. खजोदचं डायमंड बुर्स डिसेंबर २०२३ मध्ये उघडलं. ही मोठी कामं पेपरात येतात. पण त्याहून जास्त कामं आपल्या सोसायट्यांत चालतात. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा इथल्या पंचवीस-तीस वर्षांच्या इमारतींची ड्रेनेज लाइन बदलायची असते, बाथरूम फोडायचं असतं, गॅलरी आत घ्यायची असते. दिवाळी उरकली की हा मोसम सुरू होतो.

हे काम कोण करतं? सकाळी आठच्या सुमारास कुठल्याही कडिया नाक्यावर उभं राहा. दाहोद, झाबुआ, अलिराजपूरची माणसं दिसतील, आणि त्यांच्यात आपल्या नंदुरबार, नवापूर, धुळ्याकडचीही. आपल्यापैकी कितीतरी जणांचे आजोबा याच ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतेला उतरले. कुणी मिलमध्ये लागलं, कुणी लूमवर, कुणी सेंट्रिंगच्या कामावर. आपण फ्लॅटमध्ये राहायला आलो एवढाच फरक. त्यामुळे नाक्यावरच्या माणसाला ‘ते लोक’ म्हणताना मला जरा अडखळायला होतं.

आता या विषयात मी कसा शिरलो ते सांगतो. आमच्या कंपनीकडे एका अमेरिकन क्लायंटचं काम होतं, कामगारांच्या सुरक्षा प्रशिक्षणाचं ॲप. त्यातलं एक मॉड्यूल रक्तातून पसरणाऱ्या रोगजंतूंवर होतं. मजकूर त्यांचा, स्क्रीन आणि प्रश्नमंजुषा आमची. टेस्टिंग करताना तेच प्रश्न इतक्या वेळा सोडवले की उत्तरं पाठ झाली. त्यातली एक गोष्ट मला विचित्र वाटली होती. अमेरिकेच्या ओशा या खात्याने १९९१ मध्ये यासाठी मोठा नियम केला: मालकाने लस द्यायची, हातमोजे द्यायचे, सुयांसाठी वेगळा डबा ठेवायचा. पण तो नियम बांधकाम क्षेत्राला लागू नाही. बांधकामावर दुखापत म्हटली की सगळ्यांच्या डोळ्यासमोर उंचावरून पडणं, शॉक लागणं, माती ढासळणं येतं. सुईचं टोचणं त्या यादीत बसत नाही. तिकडे नाही, मग इकडे कुठून बसणार?

मुख्य आजार तीन: हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही. पहिले दोन यकृताचे. वर्षानुवर्षं आत गुपचूप राहतात, आणि पुढे काहींना लिव्हर सिरॉसिस किंवा कॅन्सरपर्यंत नेतात. दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांवरून काढलेला एक ढोबळ हिशेब आहे. बाधित रुग्णाला नुकतीच टोचलेली सुई दुसऱ्याला लागली, तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात साधारण ३. हिपॅटायटिस सीची शंभरात सुमारे २. आणि लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीची शक्यता शंभरात ६ पासून ३० पर्यंत. म्हणजे ज्याची भीती सगळ्यात जास्त, त्याची शक्यता सगळ्यात कमी. आणि ज्याचं नावही धड कुणी घेत नाही, तो सगळ्यात पुढे. शिवाय हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात, शरीराबाहेर, किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. एचआयव्ही बाहेर फार टिकत नाही.

हे सगळं माझ्यासाठी स्क्रीनवरचं ज्ञान होतं. मग गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या सोसायटीने ड्रेनेजचे पाइप बदलायला काढले.

आमच्याकडे दोन विंगांच्या मधे डक्ट आहे. प्रत्येक मजल्याच्या बाथरूमची छोटी खिडकी त्यात उघडते. वीसेक वर्षांत त्या खिडक्यांतून काय काय खाली गेलं असेल ते विचारू नका. शॅम्पूच्या पुड्या, ब्लेड, फुटलेल्या बाटल्या, कापसाचे बोळे. प्लंबरबरोबर एक मदतनीस होता, नवापूरकडचा, विशी-बाविशीचा. पाइपाला हात घालण्याआधी तो गाळ उपसून गोणीत भरायचं काम त्याच्याकडे होतं. हाताने.

त्या दिवशी माझं वर्क फ्रॉम होम होतं. अकराच्या सुमारास बेल वाजली. आईने दार उघडलं.

“काकू, जरा हळद द्या ना.”

“का रे? काय लागलं?”

“काही नाही, सुई टोचली.”

अंगठ्याच्या बुडाशी रक्ताचा एक थेंब होता. दुसऱ्या हातात ती सुई, सिरिंजसकट, गंजलेली. ती दाखवायला म्हणून तो वर घेऊन आला होता. आई हळदीच्या डब्याकडे वळली, मी तिला थांबवलं. त्याला बेसिनपाशी नेलं, नळ सोडला आणि साबणाने हात धुवायला लावला, चांगली पाच मिनिटं. तो सवयीने अंगठा दाबून रक्त काढू लागला, मग तोंडाकडे न्यायला लागला. दोन्ही नको म्हटलं. दाबून विष निघत नाही, उलट जखम चिघळते.

खाली ठेकेदार म्हणाला, “टीटी मारून आणा, संध्याकाळपर्यंत लाइन जोडायची आहे.” जवळच्या एका दवाखान्यात गेलो. तिथे धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं आणि ‘काही होत नाही’ हा दिलासा. धनुर्वाताचं इंजेक्शन गरजेचं होतंच. पण बाकीच्या तिघांवर त्याचा काही उपयोग नाही. मी गाडी तशीच सरकारी हॉस्पिटलकडे वळवली. वाटेत मागून त्याने विचारलं, “साहेब, मला एड्स होणार का?” थोड्या वेळाने पुन्हा, “घरी दोन महिन्यांची पोरगी आहे. तिला उचलू ना?”

कॅज्युअल्टीमधल्या डॉक्टरांनी नीट विचारपूस केली. सुई केव्हाची, ओली होती का, किती खोल गेली, आधी हिपॅटायटिस बीची लस घेतली आहे का. घेतली नव्हती. एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या असतात, २८ दिवसांच्या. त्या जितक्या लवकर, शक्यतो दोन तासांत, आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात. त्यानंतर त्यांचा उपयोग नाही. याची सुई जुनी, वाळलेली, कचऱ्यात पडलेली होती. धोका नगण्य आहे, तेव्हा गोळ्या नकोत, असं डॉक्टरांनी ठरवलं. पण हिपॅटायटिस बीच्या लशीचा पहिला डोस लगेच दिला. टोचल्यापासून चोवीस तासांत लस मिळाली तर ती सर्वांत चांगलं काम करते. पुढचे डोस एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. रक्ताचा नमुना घेतला तो त्या दिवसाची नोंद म्हणून, पुढच्या तपासण्या त्याच्याशी ताडून पाहायला. पुढची तपासणी पूर्ण होईपर्यंत रक्तदान करायचं नाही, आपला वस्तरा दुसऱ्याला द्यायचा नाही, बायकोजवळ जाताना कंडोम वापरायचा.

“आणि मुलीला?” त्याने विचारलं.

“उचल, खेळव, एका ताटात जेव,” डॉक्टर म्हणाले. “शिवण्याने, जेवण्याने, खोकल्याने हे पसरत नाही.”

सगळ्या दिवसात त्याचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा सैल झाला.

संध्याकाळी सोसायटीची मीटिंग झाली. विषय निघाला तो सुई कुणाची. अर्ध्या मिनिटात दोन-तीन नजरा आमच्या फ्लॅटकडे वळल्या, कारण माझी आई अकरा वर्षं इन्सुलिन घेते आणि ते बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. आई काही न बोलता घरात गेली आणि डिटर्जंटची जाड प्लॅस्टिकची बाटली घेऊन आली. आत तिच्या वापरलेल्या सुया, झाकण पक्कं फिरवलेलं, वर चिकटपट्टीवर तिच्या अक्षरात ‘सुया, हात लावू नये’. ती म्हणाली, “कुणाची होती ते शोधून आता काय करणार? उद्या त्या पोराला परत तिथेच हात घालायचाय. त्याचं काय ते बोला.”

मग बोलणं रुळावर आलं. त्याचा बुडालेला रोज कोण देणार यावर बराच वेळ गेला. ठेकेदार म्हणे सोसायटीने द्यावा, सोसायटी म्हणे ठेकेदाराने. शेवटी निम्मा-निम्मा ठरला. डक्टमध्ये हात घालणं बंद, फावडं आणि लांब चिमटा वापरायचा. जाड चामड्याचे हातमोजे आणि बूट सोसायटी आणणार. भरलेली गोणी पायाने दाबायची नाही आणि अंगाला टेकवून न्यायची नाही. काम संपल्यावर प्रत्येक खिडकीला जाळी लावायची. एवढ्याला खर्च किती आला? एका बाथरूमच्या टाइल्सपेक्षा कमी.

त्याच्या लशीच्या तारखा मी माझ्या फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकल्या. अशा कामात माणूस हातातून निसटतो तो इथेच. आज आमच्याकडे, पुढच्या महिन्यात सचिनला, होळीला गावी, मग आणखी कुठल्या नाक्यावर. दुसऱ्या डोसला तो आपणहून आला. तिसऱ्याच्या वेळी तीन फोन करावे लागले. मे महिन्यात तिसरा डोस झाला, रक्ताची तपासणी झाली, सगळं नॉर्मल. त्याने व्हॉट्सॲपवर मुलीचा फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं.

त्याचं निभावलं. पण अशी माणसं दररोज किती ठिकाणी हात घालत असतील?

आपल्याच गुजरातचं उदाहरण घ्या. २००९ च्या सुरुवातीला साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा भागात हिपॅटायटिस बीची साथ आली. अनेक माणसं दगावली. कारण पाण्यात नव्हतं, डासात नव्हतं. दवाखान्यांत वापरलेल्या सुया-सिरिंज पुन्हा वापरल्या जात होत्या, आणि टाकून द्यायच्या सिरिंज पुन्हा बाजारात येत असल्याचंही उघड झालं. म्हणजे वापरलेली सुई कचऱ्यात गेली म्हणून तिची गोष्ट संपत नाही.

मजुरांच्या बाबतीत धोका फक्त ढिगाऱ्यातल्या सुईचा नाही. ग्राइंडरने एखाद्याचा हात कापला की शेजारचा उघड्या हाताने जखम दाबतो, आणि त्याच्या स्वतःच्या बोटांना सिमेंटने भेगा पडलेल्या असतात. रोज बुडू नये म्हणून ताप आला की वस्तीतल्या कुठल्याही ‘डॉक्टर’कडून सुई मारून घेतात, ती नवी आहे का हे कुणी विचारत नाही. नाक्यावरच्या न्हाव्याकडे एकाच ब्लेडने चार दाढ्या होतात. जत्रेत एकाच सुईने दहा जण गोंदवून घेतात. प्रत्येक वेळी सुई किंवा ब्लेड एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातं.

कायदा काय म्हणतो? १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने कामाच्या प्रत्येक जागी प्रथमोपचाराची सोय ठेवणं मालकावर बंधनकारक केलं. बांधकामाच्या खर्चावरच्या सेसमधून कल्याण मंडळाला पैसा मिळतो. गुजरातमध्ये नोंदणी झालेल्या कामगाराला ई-निर्माण कार्ड मिळतं, आणि नाक्यांवर, साइटवर धन्वंतरी आरोग्य रथ येतात. अट अशी, की वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेलं असावं. आमच्या या मुलाकडे कार्ड नव्हतं. त्याने नावही ऐकलं नव्हतं. मोबाइलवर फॉर्म भरणं तुम्हा-आम्हाला पाच मिनिटांचं काम वाटतं. त्याला ९० दिवसांचा दाखला कुणाकडून आणायचा हाच पहिला प्रश्न पडतो, कारण नव्वद दिवसांत त्याचे वीस मालक झालेले असतात.

एक इशाराही द्यायला हवा. हे वाचून कुणी ‘आता कामाला माणूस ठेवण्याआधी त्याचा ब्लड रिपोर्ट मागू’ असं ठरवू नका. एचआयव्हीची तपासणी माणसाच्या संमतीशिवाय करता येत नाही आणि त्यावरून कामावर भेदभाव करणं २०१७ च्या कायद्याने गुन्हा नसलं तरी मनाई आहेच. शिवाय ते उपयोगाचंही नाही. दवाखान्यांत पाळतात तो नियमच बरोबर: कुणाचंही रक्त असो, ते बाधित आहे असं धरूनच वागायचं. मग कुणाचा रिपोर्ट विचारायची गरज पडत नाही, आणि कुणाचा अपमानही होत नाही.

तर आता तुमच्या घरी काम निघालं की एवढं करा.

घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर सुया टोपण लावायचा खटाटोप न करता सरळ जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाका. पाऊण भरली की झाकण पक्कं लावून, टेप मारून, वर ठळक लिहा. २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या, म्हणून ती बाटली ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नका, कचरा गाडीवाल्याला सांगून वेगळी द्या. दाढीच्या ब्लेडचंही तेच. डक्ट म्हणजे विहीर नव्हे, हे घरातल्या मुलांनाही सांगा.

ठेकेदाराशी बोलताना टाइल्सच्या रंगाबरोबर दोन प्रश्न विचारा: मलबा उचलणाऱ्याला हातमोजे कोणते देणार, आणि प्रथमोपचाराची पेटी कुठे ठेवणार? सळई वळवताना घालतात ते पांढरे सुती मोजे सुई अडवत नाहीत. पेटीत रबराचे, म्हणजे नायट्राइलचे, दोन जोड हवेत, ते जखमी माणसाला हात लावणाऱ्यासाठी.

फरशीवर रक्त सांडलं तर मोजे घालून आधी कागदाने टिपून घ्या. मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण ओतून दहा मिनिटं राहू द्या, आणि मग पुसा. त्यात बाथरूमचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी, जमलं तर पहिल्या दोन तासांत, मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये घेऊन जा. तिथे फक्त टीटी न मागता ‘सुई टोचली आहे, हिपॅटायटिस आणि एचआयव्हीचं बघा’ असं स्पष्ट सांगा. एचआयव्हीबद्दल शंका असेल तर १०९७ ही सरकारी हेल्पलाइन आहे. हिपॅटायटिस सीवर लस नाही, पण आता गोळ्यांनी तो बरा होतो, आणि २०१८ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी या दोन्हींची तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

आणि शेवटी स्वतःकडे बघा. हिपॅटायटिस बीची लस सरकारी लसीकरणात देशभर २०११ मध्ये आली. आपल्या मुलांना ती मिळाली असेल. तिशीतल्या आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी मिळालेली नाही. तीन डोस, सहा महिने. आपलं मंडळ दरवर्षी आरोग्य शिबिर घेतं. बीपी-शुगरबरोबर यंदा या लशीचा पहिला डोस ठेवता आला, आणि त्या दिवशी आपापल्या बिल्डिंगमध्ये काम करणाऱ्या मजुरांनाही सोबत आणता आलं, तर किती बरं होईल. पुढच्या दोन डोसांच्या तारखा लक्षात ठेवून सगळ्यांना मेसेज जाईल अशी सोय करून द्यायला मी तयार आहे. ज्यांना मदत करायची असेल त्यांनी पुढच्या बैठकीला मला भेटा.